नवी की जुनी, आणि कोणाच्या पैशांनी?

गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला होता. चाकण परिसरात सुट्या भागांचा त्याचा लहानसा कारखाना आहे. कष्टाने उभारलेला आहे आणि बरा चालतो. त्याला मध्यम आकाराची आलिशान ‘क्रॉसओव्हर’ एस.यू.व्ही. घ्यावयाची होती. नवी गाडी सत्तर लाखांच्या घरात जाते. तीच तीन वर्षे वापरलेली चाळीस-पंचेचाळीस लाखांत मिळते. नवी घ्यावी की जुनी, असा त्याचा प्रश्न होता.

या गाडीचे स्वरूप प्रथम समजून घेतले पाहिजे. पूर्वीच्या जीपगाडीची बांधणी मालमोटारीसारखी, स्वतंत्र सांगाड्यावर केलेली असे. क्रॉसओव्हरची बांधणी साध्या मोटारीचीच असते. फक्त तिचा देह उंच व बैठक ऐसपैस असते. पुणे-मुंबई रस्त्यावर ती जे काम करते, ते तिच्या चौथाई किमतीची गाडीही करते. उरलेली किंमत सुखसोयींची आणि प्रतिष्ठेची. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच अशा खर्चाला ‘दिखाऊ उपभोग’ असे नाव देऊन ठेवले आहे.

निव्वळ हिशेब पाहिला तर जुनी गाडी घेणे शहाणपणाचे. आलिशान गाडीची किंमत पहिल्या तीन-चार वर्षांतच सर्वाधिक घसरते आणि ती घट पहिला मालक सोसतो. नव्या मोठ्या गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. जुनी गाडी नोंदणीकृत विक्रेत्याकडून घेतली, तर १८ टक्के कर केवळ त्याच्या नफ्यावर पडतो. मात्र गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही. गिअरपेटी बिघडली, तर खर्च सत्तर लाखांच्या गाडीचाच येतो. म्हणून दुरुस्तीची नोंदवही, अपघाताचा इतिहास आणि हमीची उरलेली मुदत पाहिल्यावाचून सौदा करू नये, असे मी त्यास सांगितले.

त्यावर तो हसून म्हणाला, “सर, मग नवीच घेतो. पैसे कंपनीचेच आहेत.”

या एका वाक्याने माझा सारा हिशेब उलटला. मी मघापासून पहिल्या मालकाचे नुकसान मोजत होतो. पण ते नुकसान पहिला मालक एकटा सोसतच नाही. कंपनीच्या नावे घेतलेल्या गाडीवर दरसाल १५ टक्के घसारा नफ्यातून वजा होतो. सत्तर लाखांच्या गाडीवर तीन पूर्ण वर्षांत ही वजावट सुमारे २७ लाख होते. कंपनीचा कर सुमारे २५ टक्के धरला, तर पावणेसात लाखांचा प्राप्तिकर वाचतो. विमा, इंधन, चालकाचा पगार व कर्जावरील व्याज यांची वजावट निराळीच. खाजगी वापराचा भाग यातून वगळावा, असे कायदा सांगतो. परंतु रविवारी महाबळेश्वरला गेलेली गाडी कामासाठी गेली नव्हती, हे सिद्ध कोण करणार?

येथे सरकारच्या धोरणातील विसंगतीही ध्यानात येते. चैनीची वस्तू म्हणून तेच सरकार या गाडीवर ४० टक्के कर लावते आणि प्राप्तिकर आकारताना तिलाच धंद्याचे साधन मानते. कंपनीने भरलेला तो ४० टक्के कर गाडीच्या किमतीत मिळवला जातो व त्यावरही घसारा मिळतो. याउलट, पगारदार कारकुनाला एकठोक प्रमाणित वजावट मिळते. कामावर जाण्यासाठी काढलेला एसटीचा पास तिच्याखेरीज आणखी वजा होत नाही.

यावर उपाय नाही असे नव्हे, आणि तो परदेशातून आणावयाचीही गरज नाही. ३१ मार्च १९६७ नंतर आणि १ मार्च १९७५ पूर्वी घेतलेल्या मोटारींच्या बाबतीत आपल्याच प्राप्तिकर कायद्यात मर्यादा होती: गाडीची किंमत कितीही असो, घसाऱ्यासाठी २५ हजार रुपयांवरची रक्कम हिशेबात धरली जात नसे. पुढे २८ फेब्रुवारी १९७५ नंतर आणि १ एप्रिल २००१ पूर्वी घेतलेल्या विदेशी बनावटीच्या मोटारींवर, पर्यटकांसाठी भाड्याने देण्यासारखे अपवाद वगळता, घसाराच मिळत नसे. ऑस्ट्रेलियात अशी मर्यादा आजही आहे. २०२४-२५ मध्ये ती ६९,६७४ ऑस्ट्रेलियन डॉलर होती. अमेरिकेनेही १९८४ मध्ये मर्यादा घातली, पण ६,००० पौंडांहून अधिक वजनाच्या गाड्यांना तीतून सूट राहिली व पळवाटेने अवजड गाड्यांचेच फावले. तेव्हा मर्यादा असावी ती किमतीवर. वजनावर वा प्रकारावर नव्हे.

हे कोणाच्या गाडीचा मत्सर म्हणून लिहीत नाही. ज्याला आलिशान गाडी हवी, त्याने ती कर भरून उरलेल्या पैशांतून खुशाल घ्यावी. कारखान्याला गाडी लागते हेही मान्य. म्हणून साध्या, सोयीच्या गाडीच्या किमतीइतका घसारा अवश्य द्यावा. त्यावरचा भार सार्वजनिक तिजोरीवर का पडावा, एवढाच प्रश्न आहे. अर्थसंकल्पावर बोलताना आपल्या कार्यकर्त्यांनी तो नेमकेपणाने विचारला पाहिजे. कारण अनुदान म्हटले की लोकांना खताची गोणी आठवते, ही पावणेसात लाखांची सवलत कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

निघताना मी विद्यार्थ्याला विचारले, ‘ही वजावट मिळाली नसती, तर कोणती गाडी घेतली असतीस?’ तो प्रामाणिक मुलगा आहे. थोडा वेळ थांबून म्हणाला, “जुनीच घेतली असती, सर. कदाचित आहे तीच चालवली असती.”