चुलीचा धूर कोणीकडून जावा?

खरिपाचा माल विकून हातीं पैसा आला म्हणजे आमचे शेतकरी बंधूंस घर बांधण्याची उमेद येते. गोठा केवढा असावा, धान्याची कोठी कोठें असावी, ओटीस फरशी कोणती घालावी, याचा खल पंधरा पंधरा दिवस चालतो. स्वयंपाकघरांतील धूर कोणीकडून जावा, हा प्रश्न मात्र त्या बैठकींत निघतच नाहीं. कारण तेथें बसणारांपैकीं चुलीपुढें कोणीच बसत नाहीं.

महसूल खात्याच्या चाकरींत पंचनाम्यांच्या निमित्तानें आम्हांस शेंकडों घरें आंतून पाहण्याचा योग आला. देशावरील जुन्या धाब्याच्या घरांत चुलीवर सवणें ठेवलेलें असे. पाऊस आला कीं झांकावयाचें, एरव्हीं उघडें. ऊन झालेली हवा वरून निघून जाते व दारानें गार हवा आंत येते, एवढेंच त्यांतील इंगित. सिमेंटचा स्लॅब आला आणि सवणें गेलें. आमचेही हातून हेंच घडलें. २००८ सालीं आम्हीं माळवद पाडून स्लॅबचें घर बांधिलें. सवण्यांतून पाणी गळतें, उंदीर येतात, असा आमचा युक्तिवाद. कुटुंबानें दोन वेळां सुचविलें तें कानाआड केलें. गॅस होता खरा, परंतु भाकरी व अंघोळीचें पाणी चुलीवरच. पुढें तीन हिवाळे मातोश्रींचा खोकला आम्ही बाटल्यांनीं बरा करूं पाहत होतों. अखेर डॉक्टरांनीं विचारलें, "घरांत विडी कोण ओढतो?" कोणीच ओढीत नव्हतें. दुसरेच दिवशीं गवंडी बोलावून छतालगत झरोका पाडविला. एका दिवसाच्या मजुरीचें काम! खोकला पुष्कळ उतरला. अगदींच गेला असें मात्र म्हणवत नाहीं.

धुरानें वासे टिकतात, चुलीवर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांस कीड लागत नाहीं, असें वडील माणसें सांगतात. तें खोटें नव्हे. परंतु स्लॅबास वासे कोठें आहेत? आणि घरांतील धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कणसांसाठीं एवढी किंमत कोण देईल?

धुराड्याची चूल उत्तमच. १९३४ सालीं वर्ध्यास निघालेल्या ग्रामोद्योग संघानें 'मगन चूल' पुढें आणली, ती याच जातीची. मात्र धुराडें छपराच्या वर दोन हात न्यावें व काजळी वेळोवेळीं काढावी. न काढल्यास धूर घरांतच परततो, आणि दोष चुलीस लागतो.

हल्लीं विजेचा पंखा बसविण्याची हौस आहे. तो ओट्याच्या वर, उंच बसवावा, व हवा येण्याची वाट समोरच्या बाजूस ठेवावी. पंख्यालगतची खिडकी उघडी असली तर तो तिचीच हवा ओढतो व धूर जागचे जागीं राहतो. दारें लावून पंखा चालविला तर धुराड्यांतील धूरही उलट आंत येतो. शिवाय वीज गेली कीं पंखा थांबला. म्हणून तो झरोक्याच्या जोडीस असावा, त्याचे जागीं नव्हे. गॅस आहे म्हणून झरोका नको, असेंही कोणी म्हणूं नये. फोडणीचा धूर गॅसवरही होतोच. आणि गळालेला गॅस हवेहून जड, तो जमिनीलगत सांचतो. त्याकरितां खालींही एक जाळी हवी.

आमचें मत असें कीं, सेंट्रिंग लागण्यापूर्वीं घरांतील स्त्रियांस जागेवर न्यावें व चूल आणि झरोका यांच्या खुणा त्यांजकडूनच करवाव्या. मागाहून स्लॅब फोडणें फार खर्चाचें पडतें.