विश्लेषण : कॉलेज बास्केटबॉलचे ‘सर्वोत्तम पाच’ कसे निवडले जातात? त्यांची मते उघड का हवीत?

अमेरिकेत दरवर्षी मार्चच्या सुरुवातीला कॉलेज बास्केटबॉलचा साखळी हंगाम संपतो आणि प्रत्येक कॉन्फरन्स आपले ‘ऑल-कॉन्फरन्स’ संघ जाहीर करते. पुरुष गटात या सन्मानाचे वजन गेल्या काही वर्षांत वाढले आहे. मतदानाची पद्धत मात्र जुनीच आहे.

ऑल-कॉन्फरन्स म्हणजे काय?

कॉन्फरन्स म्हणजे आपसात साखळी सामने खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट. सर्वोच्च स्तरावर असे तीसहून अधिक गट आहेत. प्रत्येक गट साधारणपणे पाच-पाच खेळाडूंचे पहिला, दुसरा, कधी तिसराही संघ निवडतो. हे संघ फक्त कागदावरचे. ते कधी मैदानात उतरत नाहीत. मतदान करतात प्रशिक्षक किंवा पत्रकार. अनेक ठिकाणी प्रशिक्षकाला स्वतःच्या खेळाडूला मत देता येत नाही.

त्याचे महत्त्व काय?

स्टीफन करी डेव्हिडसन या छोट्या कॉलेजकडून खेळत होता. मार्च २००८ मध्ये देशाचे लक्ष त्याच्याकडे गेले. पण सदर्न कॉन्फरन्सने २००७ मध्येच त्याला सर्वोत्तम नवोदित ठरवले होते. जवळून पाहणाऱ्यांना गुणवत्ता आधी दिसते, हाच या सन्मानाचा खरा आधार.

आता त्याला पैशाचीही जोड मिळाली आहे. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमाई करता येते. २०२५-२६ पासून विद्यापीठेही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. कॉलेज बदलणेही सोपे झाले आहे. अशा वेळी ‘पहिल्या संघातला’ हा शिक्का वाटाघाटीत उपयोगी पडणारच.

मग अडचण कुठे?

‘जवळून पाहणे’च कमी झाले आहे. १९८० च्या दशकात बिग टेनमध्ये नावाप्रमाणे १० संघ होते आणि प्रत्येक संघ इतर सर्वांशी दोनदा खेळे. २०२४ मध्ये ‘यूसीएलए’सह चार संघ पश्चिम किनाऱ्यावरून आले आणि संख्या १८ झाली. २०२४-२५ च्या हंगामात प्रत्येक संघ १७ पैकी १४ प्रतिस्पर्ध्यांशी एकदाच खेळला. लॉस एंजेलिसमधील प्रशिक्षकाने न्यू जर्सीतील खेळाडूला एकदाच समोरून पाहायचे. त्या रात्री तो जायबंदी असेल किंवा त्याचा खेळ बिघडला असेल, तर उरतात चित्रफिती, आकडे आणि ऐकीव कीर्ती.

उपाय काय?

मतपत्रिका जाहीर करणे. अनेक कॉन्फरन्स फक्त अंतिम यादी देतात. कोणी कोणाला निवडले, ते कळत नाही. याउलट ‘एनबीए’ आपल्या वार्षिक पुरस्कारांसाठी पत्रकारांनी दिलेली मते जाहीर करते. असोसिएटेड प्रेसच्या अव्वल २५ संघांच्या क्रमवारीतही प्रत्येक मतदाराची पसंती पाहता येते.

मते उघड झाल्यास प्रशिक्षकांमध्ये कटुता येईल, हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण त्यावर मार्ग आहे : मतदान पत्रकारांवर सोपवावे किंवा प्रशिक्षकांची यादी वेगळी ठेवावी. बिग टेनमध्ये दोन याद्या निघतातच. विशीतल्या मुलाचे मोल ज्या मताने वाढते किंवा घटते, ते मत देणाऱ्याने त्याखाली नाव लिहायला कचरू नये.