चित्रवहीचे मोल

चित्रकलेच्या प्रकल्पाचे गुण केवळ पूर्ण झालेल्या चित्रास द्यावेत, हे आम्हांस मान्य नाही. त्यामुळे छापील चित्राची सुबक नक्कल करणारा पुढे जातो आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहणारा मागे राहतो. लोटली गावचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा (१९२६–२०११) तरुणपणी आपली दैनंदिनी चित्रांनी भरीत असत. त्यांची १९५१ सालची दैनंदिनी पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पाहण्याची सवय अशी रोजच्या टिपणानेच जडते.

म्हणून विद्यार्थ्यांनो, तुळशीवृंदावन रेखाटावयाचे असल्यास सकाळी व सायंकाळी त्याची सावली कोठे पडते, ते चित्रवहीत टिपून ठेवा. तारीख घाला, मनातील शंकाही लिहा. चुकलेली रेघ खोडू नका. तिच्याशेजारी दुसरी काढा. आणि आम्ही शिक्षकांनी आधी ती वही पाहावी, मग चित्र.