आरोपी नसलेला गुन्हा

५ जून १९७० रोजी लालबागमध्ये आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. मे १९९४ मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ गोळ्या घालण्यात आल्या. गिरणगावातील अशा हत्यांच्या कथा करी रोडच्या चाळींतही चवीने वाचल्या जातात, यात नवल नाही. खुनाला तारीख असते, आरोपी असतो. परंतु १९८२ च्या संपानंतर हजारो संसार उठले, त्याचा आरोपी कोण? गिरण्यांच्या जमिनीपैकी सुमारे एकतृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी द्यावा, घरांसाठीही वाटा ठेवावा, असा नियम १९९१ साली झाला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती उरली. एका ओळीत केवढी एकरे गेली! सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्यही धरली.

त्याच २००१ साली, ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करणारे चित्रकार सुधीर पटवर्धन यांनी ‘लोअर परळ’ हे चित्र रंगविले. पालटणारे गिरणगाव आणि त्यातील साधी माणसे हाच त्याचा विषय. चित्र निवाडा देत नाही, हे खरे. पण साक्ष देते, आणि खटलाच उभा न राहिलेल्या प्रकरणात साक्षीला मोल अधिक. असे मूळ चित्र विकत घेणे चाळकऱ्यांच्या आवाक्याबाहेरचे आहे, हा उपरोध वेगळाच. निदान त्याची छापील प्रत करी रोडच्या एखाद्या शाळेत लावावयास काय हरकत आहे?