पाईप गावावरून जातो, पाणी गावात येत नाही

रमजान जवळ आला की आमच्या मोबाईलवर एक मेसेज हमखास फिरतो. गरीब वस्तीत बोअर मारून द्या आणि सदका-ए-जारियाचा सवाब मिळवा. सोबत हातपंपाचा फोटो असतो, शेजारी संगमरवरी पाटी, पाटीवर देणाऱ्याच्या मरहूम वालिदांचे नाव. पैसा बहुतेक वेळा कुवेत, दुबई, सौदीतून आलेला असतो. देणाऱ्याच्या नियतीत खोट नाही आणि पैसाही घामाचा आहे.

शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही असा एक पंप पाहिला. पाटी चकचकीत होती, पण दांडा मारला की नुसता खडखडाट. पहिल्या वर्षी पाणी आले, दुसऱ्या साली होळीच्या आधीच आटले, असे तिथल्या बायांनी सांगितले. मग तुम्ही कुणाला कळवले नाही का, असे आम्ही विचारले. कळवणार कुणाला? पाटीवर नाव होते, फोन नंबर नव्हता. बाया पुन्हा जुन्याच वाटेने ओढ्यात खणलेल्या डबक्यावर हंडा घेऊन जाऊ लागल्या होत्या.

ही गोष्ट एका पंपाची असती तर आम्ही लिहायला बसलो नसतो. ठाणे जिल्ह्यात पाण्यासाठी परदेशातून आलेला पैसा ही काही आजची बाब नाही. पन्नास वर्षांचा हिशेब आहे, आणि त्याची सुरुवात पाड्यावरच्या पंपापासून नाही, मुंबईच्या नळापासून होते.

मुंबईला रोज लागणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी एकट्या भातसा धरणातून जाते. भातसा शहापूर तालुक्यात आहे. १८९२ सालचे तानसा धरणही त्याच तालुक्यात, मोडकसागर आणि मध्य वैतरणा शेजारीच. भातशाचे पाणी नदीतून खाली येते, पिसे बंधाऱ्यावर उचलले जाते, पांजरापूरच्या केंद्रात शुद्ध होते आणि अजस्र पाईपांतून मुंबईला रवाना होते. पडघा, बोरिवली, भिवंडी या पट्ट्यातल्या आपल्या वाचकांना हे पाईप नव्याने दाखवायला नकोत. लहानपणी त्यांच्यावर चढून खेळलेले कितीतरी जण असतील.

भातशाचे पाणी मुंबईला पोहोचवण्याच्या कामांना जागतिक बँकेचा पैसा होता. १९७३ मध्ये पहिला प्रकल्प मंजूर झाला, त्याच दशकात दुसरा आणि १९८७ मध्ये तिसरा. कामे चांगली झाली, पाणी पोहोचले, मुंबई वाढली. म्हणजे परदेशी मदतीतून पाणीपुरवठ्याचे नियोजन करता येत नाही, असे कुणी म्हणत असेल तर त्याने घाटकोपरला जाऊन नळ उघडून पाहावा. नियोजन उत्तम झाले होते. फक्त त्यात धरणाकाठच्या पाड्यांना जागा नव्हती. जिथे दरवर्षी दोन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जिथून महानगराची तहान भागते, त्या शहापुरात मार्च-एप्रिलपासून टँकर धावतात. याला दुष्काळ कसा म्हणायचा?

खेड्यासाठी म्हणून मोठा परदेशी पैसा आला तो बऱ्याच उशिराने. २००३ मध्ये जागतिक बँकेच्या सुमारे १८ कोटी डॉलरच्या कर्जातून राज्यात 'जलस्वराज्य' प्रकल्प सुरू झाला. पुणे, अहमदनगर आणि औरंगाबाद जिल्ह्यांत जर्मनीच्या मदतीने 'आपलं पाणी' नावाने तशीच योजना आली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. सरकारी कागदांत या सगळ्याला 'मदत' म्हटले जाते, पण जागतिक बँकेचा पैसा खैरात नव्हता. ते कर्ज होते, कमी व्याजाचे आणि लांब मुदतीचे, पण फेडायचे.

जलस्वराज्याची पद्धत मात्र तोवरच्या सरकारी योजनांपेक्षा वेगळी होती. आधी इंजिनिअर नकाशा काढायचा, ठेकेदार टाकी बांधायचा, मंत्री नारळ फोडायचे आणि चाव्या ग्रामपंचायतीकडे यायच्या. जलस्वराज्यात गावाने आधी अर्ज करायचा, ग्रामसभेत ठराव करायचा, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती निवडायची, तिच्यात निम्म्या बायका घ्यायच्या. बांधकामाच्या खर्चाचा दहा टक्के वाटा गावाने उचलायचा, आदिवासी वस्त्यांनी पाच टक्के. चालवण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च पूर्ण गावाचा. ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची, हाही नियम होता. आम्हाला तो सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, कारण पाणी कुठून, किती वाजता आणि किती हंडे भरायचे हे घरातल्या पुरुषाला विचारून कळत नाही.

याचे निकाल संमिश्र आहेत. जिथे समिती खरी होती तिथे योजना चालल्या. जिथे सरपंचाने घरी बसून सह्या गोळा केल्या, दहा टक्के वाटा ठेकेदारानेच भरला, तिथे टाकी उभी राहिली आणि पंपाचे वीजबिल थकल्यावर कनेक्शन तुटले. अशा कोरड्या टाक्या सगळ्या महाराष्ट्रात दिसतात. लांबून छान दिसतात, कबुतरांना घर मिळते.

पण खेडे म्हणजे फक्त डोंगरातला पाडा असेही नाही. कल्याण-डोंबिवलीच्या अंगाला लागून असलेली २७ गावे पाहा. १९८३ मध्ये महापालिका झाली तेव्हा ती आत घेतली, २००२ मध्ये बाहेर काढली, २०१५ मध्ये पुन्हा आत घेतली. मार्च २०२० मध्ये त्यातली १८ गावे वगळण्याचा निर्णय सरकारने घेतला आणि त्याच वर्षाच्या शेवटी मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या आत-बाहेरच्या खेळात गावांत इमारती उभ्या राहिल्या, चाळी वाढल्या, भाडेकरू आले. पाणी मात्र मुख्यतः एमआयडीसीच्या पाईपमधून, बारवी धरणाचे, कमी दाबाने येत राहिले. गाव म्हणून मोजायचे की शहर म्हणून, हा प्रश्न इथे फार महागात पडतो. जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसासाठी रोज ५५ लिटरचे माप आहे, शहरी माणसासाठी नियोजनात १३५ लिटर धरतात. रस्त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा माणूस एकच लोकल पकडतो, पण कागदावर त्याची तहान अडीच पट कमी-जास्त असते.

७ मे २०२२ रोजी डोंबिवलीजवळच्या संदप गावातल्या पाण्याने भरलेल्या दगडखाणीत देसलेपाड्याच्या एकाच कुटुंबातले पाच जण बुडून मेले. सासू, सून आणि तीन मुले. घरात पाणी पुरत नव्हते म्हणून ते कपडे धुवायला खाणीवर गेले होते. देसलेपाडा महापालिका हद्दीत आहे. लोकलच्या स्टेशनापासून रिक्षाने जाण्याइतका जवळ आहे. पाणीटंचाईची आकडेवारी वाचताना आमच्या डोळ्यांपुढे हे घर येते.

जागतिक बँकेने २०१४ मध्ये मंजूर केलेल्या जलस्वराज्याच्या दुसऱ्या टप्प्यात, साडेसोळा कोटी डॉलरच्या कार्यक्रमात, शहरालगतची मोठी गावे हा स्वतंत्र भाग केला गेला. तेव्हा निदान एवढे मान्य झाले की ना गाव ना शहर अशा वस्त्यांचे नियोजन वेगळे लागते. त्यानंतर १५ ऑगस्ट २०१९ ला केंद्राने जलजीवन मिशन जाहीर केले. आता परदेशी कर्जाची गरज काय, प्रत्येक घरात २०२४ पर्यंत नळ, असे सांगितले गेले. मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदारांची बिले थकली आणि कामे जागच्या जागी थांबली. शहापूरसाठी इगतपुरीच्या भावली धरणातून उताराने पाणी आणायची योजना आहे. पंपाची वीज लागणार नाही, ९७ गावे आणि अडीचशेहून जास्त पाड्यांना पाणी मिळेल. कल्पना उत्तम आहे, आणि म्हणूनच ती वर्षानुवर्षे रखडलेली पाहणे जास्त त्रासाचे वाटते.

सरकारी पैसा अडला की लोक पुन्हा आपल्याकडे, म्हणजे जमाती, ट्रस्ट आणि आखातातल्या भावांकडे बघतात. म्हणून आता थोडे आपल्याबद्दल.

आधी कायदा. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थेला एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो, एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि कार्यालयीन खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे मोठ्या संस्थेने परदेशातून घ्यायचे आणि गावच्या छोट्या ट्रस्टला वाटायचे, हा जुना मार्ग बंद झाला. पण इथे एक गैरसमज फार पसरला आहे. भारतीय पासपोर्ट असलेला आपला माणूस रियाधमध्ये नोकरी करतो आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच भावाने ब्रिटन किंवा अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर मात्र धरली जाते. ट्रस्टींनी पावती फाडण्याआधी पासपोर्ट कोणता हे विचारावे आणि सीएला दाखवावे. हवाल्याने तर एक रुपयाही नको. नेक कामाला असला डाग कशाला?

आता जमिनीखालचे. आपला जिल्हा काळ्या बेसाल्ट खडकावर बसला आहे. या खडकात पाणी भेगांत साठते. भेग लागली तर बोअर चालते, नाही तर दोनशे फुटांवरही धूळ. पाऊस कितीही पडो, तो उतारावरून वाहून खाडीला जातो. नारळ किंवा काडी घेऊन जागा दाखवणाऱ्यापेक्षा भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या भूवैज्ञानिकाला बोलवा. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी बोअर घ्यायची तर कायद्याने परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवा. नाही तर आपल्या सवाबाच्या बोअरने शेजारच्या पाड्याची विहीर आटायची.

खरे सांगायचे तर पुष्कळ ठिकाणी नवी बोअर नकोच असते. जुन्या विहिरीचा गाळ काढणे, कठडा बांधणे, वरच्या ओढ्यावर छोटा बंधारा घालणे, सौर पंप आणि टाकी बसवणे यातून जास्त पाणी जास्त महिने मिळते. पण गाळ काढलेल्या विहिरीचा फोटो तितका देखणा येत नाही, ही अडचण आहे!

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यात रूमाची विहीर घेतली हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. त्यांनी नवी विहीर खणली नव्हती, हे आपण विसरतो. विहीर होती, पाणी होते, पण ते मालकाकडून विकत घ्यावे लागत होते. त्यांनी ती विकत घेऊन सगळ्यांना खुली केली. मदिन्यातली अडचण पाणी नसण्याची नव्हती, पाण्यापर्यंत पोहोचण्याची होती. शहापूरची आणि देसलेपाड्याची अडचण याहून वेगळी आहे का? आणि वक्फची जुनी रीत अशी की वास्तूबरोबर तिच्या देखभालीचे उत्पन्नही जोडून द्यायचे. आपण पंप देतो, वॉशर बदलायला दोनशे रुपये ठेवत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे. पाच बोअरचे पैसे असतील तर दोनच कामे करा आणि उरलेले गावच्या पाणी समितीच्या नावे पाच वर्षांच्या दुरुस्तीसाठी ठेवा. काम ग्रामपंचायतीच्या ठरावाने करा, म्हणजे तुमची टाकी उद्या सरकारी योजनेला जोडता येईल. दरवर्षी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर पाण्याची तपासणी करून घ्या. जलजीवनमध्ये गावातल्या पाच बायकांना तपासणीचे प्रशिक्षण आणि किट देण्याची तरतूद आहे, ते किट कपाटात पडले आहे का ते विचारा. वस्ती कुणाची आहे, आदिवासींची, आग्र्यांची की आपल्याच लोकांची, हे पाहू नका.

आणि जे पैसे देऊ शकत नाहीत त्यांच्यासाठीही काम आहे. २७ गावांत राहणाऱ्या आपल्या वाचकांनी महापालिकेत माहितीच्या अधिकाराखाली एवढेच विचारावे की आमच्या वस्तीला रोज किती लिटर पाणी मंजूर आहे आणि प्रत्यक्षात किती सोडले जाते. शहापूर, भिवंडीच्या गावकऱ्यांनी ग्रामसभेत जलजीवनच्या कामाचे अंदाजपत्रक मागावे. उत्तरे आमच्याकडे पाठवा, आम्ही छापू. त्या पाड्यावरच्या हातपंपाचे काय झाले तेही कळवू. पाटीवरचे नाव आम्ही लिहून आणले आहे, देणाऱ्याच्या घरच्यांचा शोध सुरू आहे.