एकत्र येणे : शब्द अनेक, अर्थ एक?

आमच्यासारख्या खेड्यातून आलेल्या मुलांचे इंग्रजी म्हणजे गाइडातले इंग्रजी. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी अर्थ आणि मध्ये बरोबरचे चिन्ह. युनाइट, अलाय, असोसिएट, कंबाइन, फेडरेट, अॅमल्गमेट, कोऑपरेट, कोलॅबोरेट या आठही शब्दांपुढे माझ्या वहीत एकच अर्थ लिहिलेला आहे : एकत्र येणे. तो मी पाठ केला, परीक्षेत लिहिला आणि मार्कही मिळवले. आज त्या बरोबरच्या चिन्हाबद्दलच माझी तक्रार आहे. ती करण्याचा अधिकार मला अभ्यासाने मिळालेला नाही, एका चुकीने मिळाला आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. आमच्या गावच्या दूध संस्थेच्या विशेष सभेची नोटीस फळ्यावर लागली होती. सगळा मजकूर मराठीत, फक्त एक शब्द इंग्रजी, तोही देवनागरीत लिहिलेला : अॅमल्गमेशन. शेजारच्या मोठ्या गावातील संस्थेशी आमच्या संस्थेचे अॅमल्गमेशन करण्याचा ठराव होता. आमच्या आळीतील एक वयस्कर आबा मला म्हणाले, "तू कॉलेजात हाईस न्हवं? मंग सांग, काय म्हंत्यात ह्ये?" आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. उत्तर येत नाही असे सांगणे जिवावर आले. वहीतला अर्थ डोळ्यांपुढे उभा राहिला आणि मी ऐटीत म्हणालो, "एकत्र यायचं, आबा. दोन्ही संस्थांनी." आबा म्हणाले, "मंग चांगलंच की!" आणि सभेत त्यांनी हात वर केला.

ठराव पास झाला. उन्हाळ्यात पुन्हा गावी गेलो, तेव्हा संस्थेची पाटी उतरलेली होती. दूध घालायला आता शेजारच्या गावी जावे लागते. बायका पहाटे किटल्या घेऊन दोन किलोमीटर चालतात. आमच्या संस्थेवर अकरा संचालक होते, नव्या संस्थेवर आमच्या गावचे दोन आहेत. यात कोणी कोणाला फसवले असे मी म्हणत नाही. आमची संस्था तोट्यात होती. कदाचित दुसरा मार्गही नसेल. सभा कायद्याप्रमाणे झाली, मते कायद्याप्रमाणे पडली. पण आबांनी ज्याला हात वर केला ते वेगळे होते आणि जे झाले ते वेगळे होते. मधले अंतर माझ्या वहीतल्या त्या एका चिन्हाएवढे होते.

तेव्हापासून या शब्दांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. एकत्र येण्याचा कोणताही शब्द समोर आला की त्याला तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. आपले नाव राहते का? आपले मत राहते का? आणि पटले नाही तर परत फिरता येते का? या तीन प्रश्नांपुढे उभे केले की समानार्थी म्हणवणारे हे शब्द एकमेकांपासून दूर सरकू लागतात.

'जॉइन फोर्सेस' म्हणजे मुळात फौजा एकत्र आणणे. पण फौजा एकत्र आल्या म्हणून राष्ट्रे एक होत नाहीत. पहिल्या महायुद्धात अमेरिका एप्रिल १९१७ मध्ये उतरली. लढली ब्रिटन आणि फ्रान्सच्याच बाजूने. पण अध्यक्ष विल्सन यांनी अमेरिकेला 'अलाइड' म्हणवून घेतले नाही, 'असोसिएटेड' हा शब्द धरला. शत्रू एक असला तरी तुमचे आपसातले गुप्त करार आमच्यावर बंधनकारक नाहीत, हे त्या एका शब्दात सांगायचे होते. १९१९ च्या व्हर्सायच्या तहातही 'अलाइड' आणि 'असोसिएटेड' हे दोन्ही शब्द शेजारी शेजारी आहेत. गाइडात मात्र दोहोंचा अर्थ एकच!

त्याच अमेरिकेचा आणखी जुना दाखला घ्या. स्वतंत्र झालेल्या तेरा राज्यांनी १७८१ मध्ये जी व्यवस्था अमलात आणली ती 'कॉन्फेडरेशन'ची होती. तीत मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवण्याचासुद्धा अधिकार नव्हता. ते जमेना म्हणून १७८७ मध्ये नवी राज्यघटना लिहिली गेली आणि बळकट 'युनियन' उभी राहिली. पुढे १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेकडील राज्ये फुटली तेव्हा त्यांनी स्वतःला 'कॉन्फेडरेट' म्हणवले आणि उत्तरेकडचे 'युनियन'साठी लढले. दोन समानार्थी शब्द झेंड्यावर घेऊन चार वर्षे युद्ध झाले.

स्कॉटलंडची गोष्ट वाचताना तर मला आमची दूध संस्थाच आठवली. १७०७ मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांची 'युनियन' झाली. स्कॉटलंडचा कायदा आणि चर्च राहिले; पण एडिंबरोची पार्लमेंट गेली आणि लंडनच्या लोकसभेत स्कॉटलंडच्या वाट्याला ४५ जागा आल्या. गेलेली पार्लमेंट परत यायला १९९९ साल उजाडावे लागले.

शब्द तोच राहतो आणि त्याचे नशीब बदलते, असेही घडते. मजुरांनी पगारवाढीसाठी एकत्र येणे म्हणजे इंग्लंडात 'कॉम्बिनेशन', आणि १७९९ व १८०० च्या कायद्यांनी तो गुन्हा होता. ते कायदे १८२४ मध्ये रद्द झाले. 'कोलॅबोरेशन' म्हणजे खरे तर बरोबर काम करणे, किती साधा अर्थ! पण १९४० मध्ये फ्रान्सच्या पेताँने हिटलरची भेट घेऊन तोच शब्द वापरला आणि 'कोलॅबोरेटर' ही देशद्रोह्याला द्यायची शिवी झाली. एकत्र येणे चांगलेच असते असे धरून चालणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. कोणाशी आणि कशासाठी, हे विचारल्यावाचून त्या शब्दाला किंमत नाही.

कोणी म्हणेल, हा सारा शब्दांचा कीस आहे. त्यांना मी घटना समितीकडे बोट दाखवीन. घटनेत भारताला 'फेडरेशन' न म्हणता 'युनियन' का म्हटले, याचा खुलासा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात केला आहे. हे राष्ट्र राज्यांनी आपसात करार करून बनवलेले नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही, हा त्याचा आशय. म्हणजे आपला तिसरा प्रश्न, परत फिरता येते का, बाबासाहेबांनी एका शब्दाच्या निवडीतून कायमचा सोडवला. आम्ही मात्र मराठीत युनियनला संघ म्हणतो, फेडरेशनला संघ म्हणतो, असोसिएशनला संघ म्हणतो आणि क्रिकेटच्या टीमलाही संघच म्हणतो.

मग मराठी दरिद्री आहे काय? मुळीच नाही. दरिद्री आहे ते आमचे भाषांतर. आमच्या आबांना सावड ठाऊक आहे : आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. इर्जिक ठाऊक आहे : एकाच्या नांगरटीला सगळ्यांचे बैल आणि दुपारी त्याच्या घरचे जेवण. भागी ठाऊक आहे, तिच्यात हिशेब असतो आणि भागी मोडताही येते. आणि दोन भावांची एक चूल होणे म्हणजे काय, हेही ठाऊक आहे. त्या दिवशी मी जर म्हटले असते, "आबा, आपली चूल विझवून त्यांच्या चुलीवर जेवायला जायचं ठरतंय," तर आबा सभेत उभे राहिले असते. वाढणार कोण आणि आमचे पान कुठे, हे त्यांनी विचारले असते. कदाचित मग हातही वर केला असता, पण समजून.

म्हणून माझी गुरुजनांना नम्र विनंती आहे. आम्हाला समानार्थी शब्दांच्या याद्या कमी द्या आणि प्रत्येक शब्द कोणी, कधी, कोणाविरुद्ध वापरला ते सांगणारे एकेक वाक्य द्या. आणि माझ्या मित्रांनो, तुम्हा-आम्हाला घरी नोटीस वाचायला देतात. बँकेची, सोसायटीची, कोर्टाची. कॉलेजात जाणारा मुलगा सांगेल ते खरे मानून माणसे अंगठा उठवतात, हात वर करतात. अर्थ येत नसेल तर 'येत नाही, विचारून सांगतो' असे म्हणण्याची लाज वाटू देऊ नका. मला ती वाटली.

आबांना मी हे सारे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "आता पुढच्या बारीला नीट वाच." वहीतला 'अॅमल्गमेट'पुढचा अर्थ मी खोडला आहे. तिथे आता लिहिले आहे : दोन चुली मोडून एक करणे, कोणाची मोडते ते आधी विचारावे.