घड्याळाची चुगली

निनावी अर्ज कुणाचा, हे आमच्या कचेरीत टाइपरायटरवरून ओळखत. एखादे अक्षर वाकडे उमटले की मशीन सापडे, मशीनवरून माणूस. संगणकाचेही तसेच आहे, हे खोपोलीच्या कामगार बंधू-भगिनींनी जाणून घ्यावे.

इंटरनेटवर 'टॉर' नावाची व्यवस्था आहे. तीत सर्व्हर कुठे आहे ते लपवता येते. मालकाविरुद्धचा पुरावा वर्तमानपत्राला देणारे तिचा आधार घेतात. परंतु ऑपरेटिंग सिस्टीम, कुणी न सांगता, पाठवलेल्या पाकिटांवर आपल्या घड्याळाचा शिक्का मारते. दोन घड्याळे कधी तंतोतंत सारखी चालत नाहीत, आणि यंत्र तापले की चाल किंचित बदलते. २००६ साली केंब्रिज विद्यापीठाच्या स्टीव्हन मर्डॉक यांनी हेच वापरून दाखवले. लपलेल्या सर्व्हरवर मुद्दाम कामाचा भार टाकायचा, तो तापतो. मग संशयित यंत्रांपैकी कुणाच्या घड्याळाची चाल त्याच वेळी बदलली, ते पाहायचे. झाले, सापडला!

लिनक्सने २०१७ पासून दर जोडणीला शिक्क्याचा आकडा वेगळ्या ठिकाणाहून सुरू केला. त्याने यंत्र कधीपासून चालू आहे ते झाकते, चाल झाकत नाही; एकच जोडणी बराच वेळ धरून ठेवली तर ती मोजता येते. म्हणून असा सर्व्हर सांभाळणाऱ्याने हा शिक्का स्वतः बंद करावा, असे आम्ही म्हणतो. अर्ज पाठवणाऱ्याच्या हाती ते नाही.